पाटणादेवी-पितळखोरे : वैद्य आणि औषधविक्रेते यांच्यासाठी दोन दिवसांची सहल

युरोपच्या प्रवासाला जाणारी काही डॉक्टरमंडळी वाट वाकडी करून ग्रीस देशातील कॉस नावाच्या बेटावर दोन दिवस मुक्काम करतात. हे बेट हिप्पोक्रेटिसाचे जन्मस्थान होय. तेथील नगरात टेकूंच्या आधारावर उभा असलेला एक जुना प्लेन वृक्ष आहे. त्याच्या छायेत बसून हिप्पोक्रेटिस शिष्यांना वैद्यक शिकवीत असे, अशी कथा प्रवाशांना सांगितली जाते. वास्तविक आजचा वृक्ष सुमारे ५०० वर्षांचा मानला जातो आणि हिप्पोक्रेटिस होऊन जवळजवळ २४०० वर्षे लोटली. नगराबाहेर टेकडीच्या उतारावर एस्क्लेपिओस या आरोग्यदेवतेच्या मंदिराचे सोपानबद्ध अवशेष आहेत. १९०२ मध्ये जर्मन संशोधक हेर्झोग यांनी त्यांचे उत्खनन आरंभिले. हे मंदिरही हिप्पोक्रेटिसाच्या पश्चात उभारलेले. तरीही तेथे जाऊन आलेली माणसे भारावून परततात, कारण आपल्या व्यवसायाच्या मुळाशी आपण उभे राहिलो ही जाणीव काही वेगळीच असते.

द्रव्यगुणाच्या अभ्यासकाला मात्र ग्रीसचे दुसरे एक बेट अधिक जवळचे वाटावे. लेस्बोस हे त्याचे नाव. वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणून ज्याचा गौरव होतो तो थिओफ्रास्टस या बेटावरील एरेसोस गावचा. ॲरिस्टॉटलनेही सुमारे दोन वर्षे या बेटावर राहून जलचरांचे निरीक्षण केले. थिओफ्रास्टसाने आपल्या वनस्पतिविषयक ग्रंथाच्या शेवटच्या भागात औषधी मुळे खणणाऱ्या लोकांची माहिती दिली आहे. एखादे मूळ रात्रीच खणावे, एरव्ही पक्षी डोळे फोडतो, अशा त्यांच्या समजुती तो नोंदवतो. त्यांतील काही अतिरंजित आहेत असे स्पष्ट म्हणतो, परंतु त्यांचे वनस्पतिज्ञान मात्र आदराने उतरवून घेतो. हे वाचताना चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायाची आठवण होते. शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनात राहणारे लोक औषधींना नावाने व रूपाने ओळखतात, असे चरकाचार्य तेथे सांगतात. सुश्रुतानेही औषधिसंग्रहाच्या संदर्भात गोपाल, तापस, व्याध आणि कंदमुळांवर निर्वाह करणारे वनवासी यांना विचारावे असे म्हटले आहे. चरकाचार्य लगेच पुढे बजावतात की, केवळ नाव व रूप कळल्याने कोणी औषधी जाणणारा होत नाही, योजना कळली पाहिजे. आज आपली अवस्था नेमकी उलटी झाली आहे. योजना आपण पदवी घेऊन शिकतो, नावही पाठ असते, पण रूप हरवले आहे. कुटजाचे गुणकर्म अस्खलित सांगणाऱ्या वैद्याला कुड्याचे झाड दाखवा म्हटले तर तो गडबडतो.

प्रस्तुत लेखकही या दोषातून मुक्त नव्हता, हे प्रांजळपणे नमूद करतो. काही वर्षांपूर्वी प्रवाहिकेची एक वृद्ध रुग्णा माझ्याकडे उपचार घेत होती. लक्षणे स्पष्ट होती, पथ्य ती काटेकोर पाळीत होती, आणि कुटजाची योजना शास्त्राला धरूनच होती. पंधरा दिवस झाले तरी शौचवेग कमी होईनात. मात्रा वाढविली, अनुपान बदलले, दीपन-पाचनाचा विचार पुन्हा केला. शेवटी ती माउली म्हणाली, ‘बापू, पहिलेना काढा कडू जहर व्हता, हाऊ तर पानी शे.’ तिच्या त्या अहिराणी वाक्याने मी दचकलो. औषधालयातील कुड्याच्या सालीचा तुकडा तोंडात टाकला. चावत राहिलो, पण कडवटपणा असा आलाच नाही. पोत्यावर चिठ्ठी ‘कुडासाल’ अशीच होती. ज्या व्यापाऱ्याकडून माल आला होता त्याने तो दुसऱ्याकडून घेतला होता, दुसऱ्याने तिसऱ्याकडून. लबाडी कोणी केली होती असे मला आजही वाटत नाही. साखळीतील एकाही माणसाने झाड पाहिलेले नव्हते, एवढेच खरे. त्यात मीही आलोच.

त्या प्रसंगानंतर ठरविले की, वर्षातून निदान दोन दिवस झाडांकडे जायचे, आणि एकट्याने न जाता ज्यांच्याकडून आपण द्रव्ये घेतो त्या विक्रेत्यांना सोबत घेऊन जायचे. स्थळ शोधायला फार दूर जावे लागले नाही. चाळीसगावपासून सुमारे १८ कि.मी. अंतरावर, सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या कुशीत पाटणादेवी आहे. जळगावकरांना मुंबईच्या दिशेने जाणारी कोणतीही सोयीची गाडी चाळीसगावी उतरवते. धुळेकरांना धुळे-चाळीसगाव लोहमार्ग आहे, तो अवघा ५६ कि.मी.चा. धुळ्याच्या मंडळींना तोरणमाळही जवळचे (१९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात गेले आहे), आणि वनश्रीच्या दृष्टीने तोरणमाळ कदाचित अधिक संपन्न ठरेल. परंतु आपल्या व्यवसायाचा इतिहास आणि आपली द्रव्ये एकाच दरीत पाहायला मिळावीत, असे ठिकाण खानदेशात पाटणादेवीवाचून दुसरे मला माहीत नाही.

प्रथम स्थळाचा परिचय करून देतो. चंडिकादेवीचे यादवकालीन मंदिर तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे. पावसाळ्यात कड्यांवरून धबधबे कोसळतात. त्यांतील केदारकुंड व धवलतीर्थ ही नावे आपल्याकडच्या बहुतेकांनी ऐकलेली असतील. हा सर्व परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात मोडतो. अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. क्षेत्र सुमारे २६० चौ.कि.मी. असून ते जळगाव व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. नावातील ‘औट्रम’ म्हणजे १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम.

पाटण म्हटले की सर्वांना भास्कराचार्य आठवतात, आणि ते योग्यच आहे. येथील देवालयात सापडलेला शके ११२८ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशातील सोइदेव व हेमाडिदेव यांनी त्याला दाने दिली, असा लेखाचा आशय. या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधणारा पुरुष कोण होता हे मात्र आपल्या व्यावसायिकांनी विशेष लक्षात ठेवावे. ते होते डॉ. भाऊ दाजी लाड, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. १८६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी हा लेख जगापुढे आणला. याच भाऊ दाजींनी कुष्ठावरील देशी औषधाचे प्रयोग केले. त्यांचे द्रव्य कडू कवठाच्या बियांचे तेल होते, म्हणजे सुश्रुताने कुष्ठचिकित्सेत वर्णिलेला तुवरकच. इंग्रजी वैद्यक शिकलेला मनुष्य जुना शिलालेख वाचतो, आणि जुन्या संहितेत सांगितलेल्या वृक्षाच्या बिया रुग्णाला देतो, हे चित्र मला फार मोलाचे वाटते. १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या शिलालेखाचा शेवटचा भाग संस्कृतात नसून तत्कालीन मराठीत आहे, आणि औषधविक्रेत्या बंधूंनी तो आवर्जून समजून घ्यावा असा आहे. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरील राजाचा हक्काचा भाग मठाला दिला आहे; तेलाचे जितके घाणे चालतील तितक्यांकडून पळीपळी तेल मठाच्या दिव्यासाठी द्यावयाचे आहे. गणिताचा तो मठ राजाच्या दानावर जसा उभा राहिला तसाच वाण्यांच्या व तेल्यांच्या पळीभर तेलावरही चालला.

येथवर सर्वपरिचित भाग झाला. माझ्या सहलीचे खरे प्रयोजन वरच्या अंगाला आहे. पाटणादेवीच्या डोंगरावर, कन्नड तालुक्याच्या हद्दीत, पितळखोऱ्याची लेणी आहेत. कन्नडच्या बाजूने पठारावरून गाडीरस्ता आहे आणि तेथून पायऱ्यांनी दरीत उतरावे लागते. पाटणादेवीहून माहीतगार माणूस बरोबर घेऊन व वनविभागाच्या अनुमतीने पायीही चढता येते. ओढ्याच्या दोन्ही काठांना मिळून १४ लेणी आहेत. आरंभ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा, म्हणजे अजिंठ्याच्या प्राचीनतम लेण्यांच्या बरोबरीचा. दुसऱ्या शतकातील ग्रीक भूगोलकार टॉलेमी याने उल्लेखिलेले ‘पेट्रिगल’ आणि ‘महामायूरी’ या बौद्ध ग्रंथातील ‘पीतंगल्य’ ही पितळखोऱ्याचीच नावे असावीत, असे अभ्यासक मानतात. दगड ठिसूळ व पाझरणारा असल्याने दर्शनी भाग मोठ्या प्रमाणावर ढासळला आहे. १९५० च्या दशकात म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली येथील मलबा उपसला गेला, तेव्हा ओळीने उभे कोरलेले हत्ती, द्वारपाल आणि कण्हदास नावाच्या सोनाराने घडविलेली यक्षमूर्ती उजेडात आली. ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. एका पंचफणी नागाच्या फणांतून पाणी यावे म्हणून खडकातून काढलेला पन्हळही पाहण्यासारखा आहे.

परंतु आपण तेथे जावयाचे ते भिंतींवरील ब्राह्मी अक्षरांसाठी. चौथ्या लेण्यात दानलेख आहेत. त्यांतील दाता स्वतःला ‘राजवेज’ म्हणवितो. राजवेज म्हणजे राजवैद्य. त्याचे नाव मगिल, वात्सी नावाच्या मातेचा पुत्र. कोणत्या राजाचा वैद्य, ते लेखात नाही. एक दान त्याचे स्वतःचे आहे, एक त्याच्या दत्ता नावाच्या कन्येचे, आणि एक दत्तक नावाच्या पुत्राचे. सारे वैद्यकुटुंब तेथे नावानिशी उपस्थित आहे. शेजारच्या तिसऱ्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, एका स्तंभावर दुसरा दानलेख आहे. तो पैठणच्या मित्रदेवाचा असून हा मित्रदेव गांधिक कुळातील आहे.

गांधिक म्हणजे गंधद्रव्यांचा व्यापारी. सुगंधी द्रव्ये, राळ, धूप आणि औषधी मुळ्या-साली यांचे दुकान आपल्याकडे फार काळ एकच राहिले आहे. आजही कित्येक गावांत उदबत्ती, हिंग आणि हिरडा एकाच गल्ल्यावर मिळतात. पंचतंत्रात सर्व व्यापारांत गांधिकाचा व्यापार श्रेष्ठ ठरविला आहे तो पुण्यासाठी नव्हे. एकाला घ्यावे आणि शंभराला विकावे असा तो धंदा आहे म्हणून. (आमच्या सहलीतील विक्रेते बंधू हे ऐकून हसले आणि म्हणाले, ‘ते दिवस आता राहिले नाहीत.’) विनोद बाजूला ठेवला तरी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी राजवैद्य आणि गांधिक यांनी शेजारशेजारच्या दोन लेण्यांना आपले द्रव्य दिले, ही गोष्ट साधी नाही. आज आपल्यातील बहुतेक व्यवहार दूरध्वनीवर व पावतीवर होतो.

त्याच डोंगरात कान्हेरगडाच्या बाजूला ‘नागार्जुन कोठी’ नावाची एक गुहा आहे. रसशास्त्राच्या अभ्यासकांचे कान हे नाव ऐकून टवकारतात, माझेही टवकारले होते. तथापि ती जैन गुहा असून आत जिनमूर्ती आहेत. लोकांनी प्राचीन गुहांना सिद्धांची व पुराणपुरुषांची नावे द्यावीत हे सर्वत्र घडते. शेजारीच ‘सीतेची न्हाणी’ही आहे. येथे पारद सिद्ध झाल्याच्या कथा कोणी सांगितल्या तर त्या ऐकून घ्याव्यात आणि पुढे चालावे.

आता वनस्पतींकडे वळू. वन शुष्क पानझडीचे आहे. धावडा, सालई, पळस, बेल, खैर, बहावा हे वृक्ष ठळक. कड्याच्या कोरड्या धारेवर कागदासारखी साल सुटणारी सालई दिसली की विक्रेत्यांनी थांबून तिच्याकडे नीट पाहावे. शल्लकीचे अर्क आज गोळ्यांच्या रूपाने किती खपतात ते त्यांना अधिक ठाऊक आहे, आणि ज्याचा निर्यास विकतो तो वृक्ष कसा दिसतो हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते.

परंतु मुख्य धडा कुड्याचा. आपल्या भागात कुडा या नावाची दोन झाडे आहेत. पांढरा कुडा म्हणजे शास्त्रातील कुटज, होलारेना. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. दोन्हींना पांढरा चीक येतो, दोन्हींची फुले पांढरी, दोन्हींच्या शेंगा जोडीने लोंबतात, आणि दोन्हींच्या बिया बाजारात इंद्रजव म्हणूनच येतात, एक कडू इंद्रजव आणि दुसरा गोड इंद्रजव. सुकलेल्या सालीचे तुकडे पोत्यात भरले की डोळ्यांनी भेद करणे कठीण. जिवंत झाडात मात्र भेद ढळढळीत आहे. पांढऱ्या कुड्याचे पान मोठे, रुंद, शिरा उठून दिसणारे. काळ्या कुड्याचे पान त्यामानाने लहान व निमुळते, आणि सुकताना ते निळसर-काळे पडते, कारण त्यात नीळ असते. ‘टिंक्टोरिया’ या नावाचा अर्थच रंगाशी संबंधित आहे. फुले हाती लागली तर गळ्याशी पाहावे. काळ्या कुड्याच्या फुलात आतून झालर असते, पांढऱ्यात ती नसते. शेंगांची खूण सर्वांत सोपी. पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा देठापासून सुट्या लोंबतात आणि त्यांच्यावर पांढरे ठिपके असतात. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, जणू चिमटाच. पक्व झाल्यावर त्या सुटतात, म्हणून ही खूण हिरव्या शेंगांवरच पाहावी.

चरकाचार्यांना हे दोन प्रकार माहीत होते, असे मानण्यास जागा आहे. कल्पस्थानात वत्सकाचा विचार करताना त्यांनी पुरुष व स्त्री असे भेद सांगितले आहेत. मोठे फळ, पांढरे फूल, स्निग्ध पान तो पुरुष. लहान फळे आणि अरुण वर्णाची फुले ती स्त्री. पुरुष म्हणजे होलारेना व स्त्री म्हणजे राइटिया असे द्रव्यगुणाचे अनेक अभ्यासक लावतात. ते मान्य केले तरी अतिसार-प्रवाहिकेत जे कार्य अपेक्षित आहे त्याचा आधार कडू साल हाच आहे. होलारेनाच्या सालीत कोनेसिन आदी अल्कलॉइडे असतात, आणि भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात कुटजत्वक् म्हणून होलारेनाचीच साल घेतलेली आहे. काळा कुडा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. दक्षिणेत सिद्ध वैद्यक त्याला वेट्पालै म्हणते आणि त्याच्या पानांचे तेल त्वग्विकारांत वापरते. कर्नाटकातील चन्नपट्टणची प्रसिद्ध लाकडी खेळणी याच झाडाच्या पांढऱ्या, मऊ लाकडाची होत. तो आपल्या जागी चांगलाच आहे, फक्त प्रवाहिकेच्या काढ्यात त्याची जागा नाही.

हा भेद मला शिकविला तो पायथ्याच्या गावातील एका गुराख्याने. अभयारण्याच्या बाहेर, त्याच्या शेताच्या बांधावर दोन्ही झाडे होती. आमच्यातील एका प्राध्यापकांनी लॅटिन नावांसह दीर्घ विवेचन केले. गुराखीदादा शांतपणे ऐकत होता. विवेचन संपल्यावर त्याने दोन्ही फांद्यांच्या सालीचा लहानसा कपचा काढून प्राध्यापकांच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, ‘चाखी पहा सायेब. हाऊ कडू शे, तो गोडा शे.’ प्राध्यापकांनी चाखले आणि अर्धा तास पाणी मागत राहिले. रसपरीक्षा ही प्रथम परीक्षा, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. त्या दिवशी ती आम्ही केली. एक सूचना केली पाहिजे. चाखण्याची ही रीत कुड्यापुरतीच, आणि तीही ओळखणारा माणूस सोबत असतानाच. वनात अनोळखी द्रव्य जिभेवर ठेवणे हा मूर्खपणा होय.

याचे कारण त्याच वाटेवर फुललेले दिसते. पावसाळ्यात झुडपांवर चढणारी कळलावीची वेल, पिवळ्या-तांबड्या ज्वाळांसारख्या पाकळ्यांची, सर्वांची पावले थांबवते. तिचा कंद दोन भुजांचा, नांगराच्या आकाराचा, म्हणून ती लांगली. आपल्या ग्रंथांत तिची गणना उपविषांत आहे, आणि आधुनिक विश्लेषणाने तिच्यात कोल्चिसिन सापडले आहे, जे थोड्या मात्रेतही प्राणघातक ठरू शकते. फूल पाहून कोणीही तिला ओळखील. पण हिवाळ्यात वेल वाळून गेल्यावर निव्वळ कंद दुकानात आला तर? औषधालयात कंद विकत घेताना हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय पोते उतरवून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नामसाम्याचे आणखी एकच उदाहरण देतो, कारण त्याचा संबंध आज घरोघर असलेल्या मधुमेहाशी आहे. या डोंगरात मेडशिंगी नावाचा लहान वृक्ष आहे. त्याच्या लांब, वाकड्या शेंगा मेंढ्याच्या शिंगासारख्या दिसतात म्हणून हे नाव, वनस्पतिशास्त्रात डोलिकॅन्ड्रोन फाल्काटा. ग्रंथांतील मेषशृंगी म्हणून आपण आज जी घेतो ती गुडमार ही वेल. पाने चावल्यावर साखरेची गोडी लागेनाशी होते ती हीच. एक वृक्ष, एक वेल, कुळही वेगळे. तरी ‘मेडशिंगीची पाने हवीत’ असा निरोप खेड्यातील संग्राहकाला गेला तर तो प्रामाणिकपणे वृक्षाची पाने आणून देईल, आणि त्यात त्याची चूक काहीच नसेल. मागणी करणाऱ्याने संस्कृत नावाचे घाईने मराठी केले, तेथे घोटाळा झाला. माझ्या पाहण्यातील एका सहकाऱ्याने तेव्हापासून संग्राहकांना नावाऐवजी वाळविलेल्या फांदीचा नमुना पाठविण्याची प्रथा पाडली. पान, फूल किंवा शेंग लागलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून, पुठ्ठ्यावर शिवून, वर स्थळ व महिना लिहावयाचा. खर्च म्हणाल तर पुठ्ठा आणि दोरा.

सहलीचा काळ कोणता निवडावा? सर्व कार्यांसाठी सरस औषधी शरदात घ्याव्यात असे शार्ङ्गधर सांगतो. ओळखीच्या दृष्टीनेही भाद्रपदाचा उत्तरार्ध उत्तम. पाऊस ओसरू लागलेला असतो, कुड्यांच्या शेंगा हिरव्या असतात, कळलावीची शेवटची फुले सापडतात, आणि नवरात्रातील देवीच्या यात्रेची गर्दी अजून सुरू झालेली नसते. पहिल्या दिवशी सकाळी पाटणादेवीचे दर्शन घेऊन मंदिराभोवतालचे वन व धवलतीर्थाचा परिसर पाहावा. दुसरा पूर्ण दिवस पितळखोऱ्यासाठी ठेवावा. दोन्ही एका दिवसात उरकण्याचा मोह होतो. आम्ही पहिल्या वर्षी तो केला, आणि लेण्यांत पोहोचलो तेव्हा अक्षरे दिसण्याइतका उजेड राहिला नव्हता. ब्राह्मी लेख पाहावयाचे तर विजेरी घ्यावी आणि तिरपा प्रकाश टाकावा. कड्यांवर आग्यामोहळे असतात; अत्तर लावून जाऊ नये, धूर करू नये, आरडाओरड करू नये. बिबट्याचा वावर आहे, म्हणून सूर्यास्तापूर्वी वनाबाहेर पडणे इष्ट.

शेवटी जे सांगावयाचे ते काहींना अप्रिय वाटेल. वनौषधिदर्शन म्हटले की आपली मंडळी पिशव्या घेऊन निघतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यातून परवानगीवाचून वनोपज काढणे हा गुन्हा आहे, मग ती मूठभर पाने असोत की शतावरीची एक मुळी. वैद्याचे प्रमाणपत्र दाखवून त्यातून सुटका नाही, आणि नसावीही. एका सहलीत आमच्यापैकी एकाने भुईतून मुसळी उपटली, तेव्हा वनरक्षकाने ती त्याच्याच हाताने पुन्हा लावून घेतली. आम्ही सारे खजील झालो. छायाचित्र घ्यावे, टिपण करावे. नमुना हवा असेल तर अभयारण्याबाहेरील शेतकऱ्याच्या बांधावरून, त्याला विचारून व मोबदला देऊन घ्यावा. कुड्याची साल काढणाऱ्यांना हेही सांगावे की, खोडाभोवती पूर्ण वलय सोलले तर झाड मरते. बांधावरचे झाड जगले तर पुढल्या वर्षी त्याच शेतकऱ्याकडून, त्याच झाडाची साल मिळते, आणि ती कोणाची साल आहे हे आपल्याला ठाऊक असते.

गेल्या वेळी परतताना चाळीसगाव स्थानकावर गाडीला उशीर होता. फलाटावरच्या बाकावर बसून सोबतच्या विक्रेत्या बंधूंनी आपल्या माणसाला दूरध्वनी केला आणि दुकानातील कुड्याची दोन्ही पोती सोमवारपर्यंत विकू नयेत असे बजावले. सोमवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. प्रत्येक पोत्यातून दहादहा तुकडे काढून आम्ही दोघांनी चाखले. एका पोत्यातील सर्व तुकडे कडू निघाले. दुसऱ्यातील चार कडू होते, सहा नव्हते. ते पोते त्यांनी बाजूला ओढून ठेवले, आणि जुन्या चिठ्ठीच्या जागी ‘मिश्र, देऊ नये’ अशी नवी चिठ्ठी शिवली.